नळीतले रक्त आणि देहातले रक्त : सिकलसेलवरील एका दाव्याच्या निमित्ताने

रक्तबिंदू (धागाकर्ती), नागपूर

गेल्या पंधरवड्यात एकच चित्रफीत मला चार निरनिराळ्या व्हॉट्सॲप गटांतून आली. तीत सूक्ष्मदर्शकाखालचे रक्ताचे दोन देखावे शेजारी शेजारी दाखवले आहेत. डावीकडे विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी आहेत, तर उजवीकडे एका वनस्पतीचा अर्क घातल्यानंतरच्या गोल पेशी. ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ झालेल्या या अर्काने सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशींना विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक रक्तविकार, मुळापासून जातो, असे खाली ठळक अक्षरांत लिहिले आहे. मी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. केले असून गेली अठरा वर्षे नागपुरातच रक्ततपासणीचे काम करते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडून पहाटेची गाडी धरून मेडिकल आणि मेयो या इथल्या सरकारी रुग्णालयांत येणारी आईबापे आपण सगळेच पाहतो. त्यांच्यापैकी कुणी या चित्रफितीवर विसंबून मुलाचे चालू औषध बंद करील, या भीतीने हा धागा काढते आहे.

चित्रफितीतला देखावा बनावट आहे, असे माझे म्हणणे नाही. तो अगदी खरा असू शकतो, आणि तरीही त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा असू शकतो. त्यासाठी ही काचपट्टी कशी तयार होते ते आधी पाहू.

रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा, त्यात ताज्या बनवलेल्या दोन टक्के सोडियम मेटाबायसल्फाइटचे थेंब मिसळायचे, वर पातळ काच ठेवायची आणि तिच्या चारही कडा व्हॅसलीनने किंवा नेलपॉलिशने बंद करायच्या. मेटाबायसल्फाइट थेंबातला प्राणवायू शोषून घेते. अर्ध्या तासाने पाहिले की सुरुवातीला गोल असलेल्या पेशींना टोके फुटलेली दिसतात, काही केळीच्या आकाराच्या होतात, काही ‘हॉली’ नावाच्या परदेशी झुडपाच्या पानासारख्या काटेरी होतात. कडा नीट बंद झाली नसेल तर तिथून हवा आत शिरते, आणि त्या बाजूच्या पेशी कोणतेही औषध न घालता पुन्हा गोल झालेल्या आढळतात. मी नवीन असताना अशीच एक काचपट्टी ‘निगेटिव्ह’ म्हणून लिहिणार होते. आमच्या वरिष्ठ बाईंनी ती सरकवून मधला भाग दाखवला, तेव्हा तिथे विळेच विळे होते.

या काचपट्टीची सर्वांत महत्त्वाची मर्यादा पुढेच आहे. वाहकाचे, म्हणजे आईबापांपैकी एकाकडून साधे (ए) आणि दुसऱ्याकडून सदोष (एस) हिमोग्लोबिन आलेल्या, एएस पॅटर्नच्या माणसाचे रक्त घेतले तरी त्याच्याही पेशी तिथे विळ्यासारख्या होतात. तो माणूस आयुष्यभर शेतात राबतो आणि त्याला सहसा एकदाही दुखणे उठत नाही. शरीरात तांबडी पेशी ऊतकांतून काही सेकंदांत बाहेर पडते आणि फुप्फुसात जाऊन पुन्हा प्राणवायू घेते. आम्ही मात्र तिला अर्धा तास प्राणवायूविना कोंडून ठेवतो. काचपट्टी ‘या पेशीत एस हिमोग्लोबिन आहे का’ या प्रश्नाचे उत्तर देते. ‘हा माणूस आजारी आहे का’ हा प्रश्न तिला विचारलेलाच नसतो, मग ‘हा माणूस बरा झाला का’ याचे उत्तर ती कुठून देणार?

आता अर्काकडे येऊ. अर्क घातल्यावर पेशी गोल राहण्याची निदान चार कारणे अशी आहेत की त्यांचा औषधी गुणाशी संबंध नाही. पहिले म्हणजे पाणी. अर्क पातळ असेल तर पाणी पेशीत शिरते, पेशी फुगते आणि आतले हिमोग्लोबिन विरळ होते. प्राणवायू नसताना एस हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून धागे बनतात आणि पेशी वाकते; हे धागे जुळायला लागणारा वेळ त्याच्या संहतीवर, म्हणजे दाटपणावर, विलक्षण अवलंबून असतो, संहतीच्या जवळजवळ तिसाव्या घाताने तो बदलतो. त्यामुळे थोडेसे पाणीही निकाल पालटायला पुरते. दुसरे कारण असे की वनस्पतीत अल्डिहाइड गटाची संयुगे असतील तर ती मेटाबायसल्फाइटलाच बांधून टाकतात आणि प्राणवायू शोषणारे द्रव्यच निकामी होते. तिसरे कारण टॅनिनसारखी तुरट द्रव्ये, ज्यांच्यामुळे पेशीचे आवरण चामड्यासारखे ताठ होते. अशी पेशी वाकत नाही, पण ती केशवाहिनीतूनही जाणार नाही. आणि चौथे म्हणजे ती मघाची उघडी राहिलेली कडा. अर्काइतक्याच मापाचे साधे मिठाचे पाणी घातलेली तिसरी काचपट्टी शेजारी ठेवली असती तर यांतील काही शंका तरी फिटल्या असत्या. चित्रफितीत ती नाही.

या विषयात काम केलेल्यांनी आणि ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनीही लिहावे.

तुमसरची आई

ताई, हे वाचून मी रात्री झोपू शकले नाही, म्हणून लिहिते आहे. माझा मुलगा नऊ वर्षांचा असून त्याचा एसएस पॅटर्न आहे, म्हणजे आम्हा दोघांकडूनही त्याला एस आले आहे. आम्ही आता नागपुरात मानेवाड्याकडे राहतो. ती चित्रफीत आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांनी पाठवली आणि चूर्णाची पुडीही आणून दिली. मुलाला चालू असलेली हायड्रॉक्सियुरिया ही मुळात कॅन्सरची गोळी आहे, ती लहान मुलाला कशाला देता, असे ते म्हणाले. गोळी सुरू झाल्यापासून मुलाला दवाखान्यात भरती करावे लागलेले नाही हे मला दिसते आहे, परंतु त्यांच्या बोलण्याने मन डळमळले हेही खरे.

दुसरी गोष्ट विचारायची आहे. हा तीन महिन्यांचा असताना एका ठिकाणी नळीतली तपासणी केली होती आणि ‘सिकल नाही’ असा कागद मिळाला होता. दीड वर्षाचा झाल्यावर हाताची बोटे सुजली, तेव्हा खरे कळले. तेव्हापासून प्रयोगशाळेवर विश्वास कसा ठेवावा, हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

रक्तबिंदू

ताई, सर्वांत आधी एक विनंती: गोळी स्वतःहून बंद करू नका आणि पुडीबद्दल मुलाच्या डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. अशा चूर्णांत काय आहे हे ठाऊक नसते, आणि या मुलांच्या मूत्रपिंडावर व यकृतावर आधीच ताण असतो.

तीन महिन्यांच्या बाळाचा कागद चुकला, त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. त्या तपासणीत डायथायोनाइट हे प्राणवायू शोषणारे द्रव्य घातलेल्या द्रावणात रक्त टाकतात. एस हिमोग्लोबिन असेल तर ते विरघळत नाही, द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा होतात. परंतु जन्मतः बाळाच्या रक्तात बहुतांश गर्भातले हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ असते आणि एस फार थोडे असते. म्हणून द्रावण स्वच्छ राहते, रेघा स्पष्ट दिसतात आणि निकाल ‘नाही’ असा येतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही तपासणी करूच नये. नुकतेच रक्त चढवले असेल किंवा रक्त फारच कमी असेल तरीही ती फसते. शिवाय ती होकारार्थी आली तरी वाहक आणि रुग्ण यांतला फरक सांगू शकत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे करून मोजणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी लागते. नळीने खोटे सांगितले नव्हते. नळीला जो प्रश्न झेपत नाही, तो तिला विचारला गेला. ही चूक विचारणाऱ्याची होती आणि तुमच्या मनातला राग रास्त आहे.

बाळपणी जे एचबीएफ तपासणीला फसवते, तेच बाळाला सांभाळतेही. सिकलसेलची बाळे पहिले काही महिने इतकी ठीक का असतात, याचे उत्तर गर्भातल्या हिमोग्लोबिनात असावे, हे जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच सुचवले होते. तुमच्या मुलाची गोळी हेच हिमोग्लोबिन वाढवते.

जुना औषधशास्त्रज्ञ

मी औषधशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. रक्तबिंदू यांनी मांडलेला मुद्दा या आजाराच्या इतिहासात दोनदा फार महाग पडलेला आहे, म्हणून तो इतिहास थोडा सविस्तर सांगतो.

१९७० च्या सुमारास अमेरिकेत असे मांडले गेले की एस हिमोग्लोबिनचे रेणू ज्या जलविरोधी बंधांनी एकमेकांना चिकटतात, ते बंध युरिया सोडवतो. नळीत हे खरोखर दिसत होते. लगेच दुखणे उठलेल्या रुग्णांना शिरेतून युरिया देण्यास सुरुवात झाली. प्रश्न मात्रेचा होता. नळीत जितका युरिया घालून परिणाम स्पष्ट दिसतो, तितका जिवंत माणसाच्या रक्तात गाठता येत नाही. आणि जितका गाठता येतो, तितक्याने लघवीचे प्रमाण वाढून शरीरातले पाणी कमी होते, जे सिकलसेलच्या रुग्णाला घातकच. १९७४ मध्ये नियंत्रित चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि युरियाचा लाभ नसल्याचे स्पष्ट झाले.

दुसरा प्रसंग याच युरियातून निघाला. युरियाच्या द्रावणात थोडे सायनेट आपोआप तयार होते. सेरामी आणि मॅनिंग यांनी १९७१ मध्ये दाखवले की हे सायनेट हिमोग्लोबिनच्या साखळीच्या टोकाला कायमचे जडते, त्याची प्राणवायू धरून ठेवण्याची ओढ वाढते आणि पेशी विळ्यासारख्या होत नाहीत. हे फार सुंदर जीवरसायन होते, आणि मात्राही युरियापेक्षा कितीतरी कमी पुरत होती. तोंडाने सायनेट दिलेल्या रुग्णांचे हिमोग्लोबिन वाढले, परंतु दुखण्याचे झटके कमी झाले नाहीत, आणि काही रुग्णांच्या हातापायांच्या नसांना इजा झाली, काहींना मोतीबिंदू झाला. सायनेटला तांबडी पेशी आणि नस यांत भेद करता येत नव्हता. जिथे प्रथिन मिळेल तिथे ते जडत होते. काचेच्या नळीत नस नव्हती, डोळ्याचे भिंगही नव्हते, त्यामुळे हा दोष तिथे दिसण्याची शक्यताच नव्हती.

आम्ही विद्यार्थ्यांना गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा टायरोडच्या, म्हणजे शरीरातल्या द्रवासारख्या खारट द्रावणात टांगून दाखवत असू. सदतीस अंश तापमान, बुडबुड्यांनी मिळणारा प्राणवायू आणि द्रावणातली साखर एवढ्यावर तो तुकडा कितीतरी वेळ आकुंचन पावत राहतो. तो जिवंत असतो यात शंका नाही. परंतु त्याला यकृत नसते, मूत्रपिंड नसते, आणि आपण घातलेले औषध मोडून टाकणारे कुणी नसते. एखाद्या विद्यार्थ्याने आलेखावर हात ठेवून ‘सर, औषध काम करते’ असे म्हटले की मी त्याला ‘या तुकड्यावर’ हे दोन शब्द जोडायला लावत असे.

पेशीवाचक

सरांचा आणि ताईंचा मुद्दा मान्य आहे, पण मी वैद्यकीय शाखेचा विद्यार्थी म्हणून थोडी दुसरी बाजू मांडतो, कारण हा धागा वाचून कुणाला नळीतले संशोधन कमी प्रतीचे वाटू नये.

सिकलसेल हा रेणूचा आजार आहे, हे माणसाकडे कितीही निरखून पाहिले असते तरी कळले नसते. हेरिक यांनी १९१० मध्ये विळ्यासारख्या पेशींची नोंद केली, पण कारण उमगायला चार दशके गेली. १९४९ मध्ये पॉलिंग, इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशीतून वेगळे काढलेले हिमोग्लोबिन विद्युत क्षेत्रात ठेवले आणि रुग्णाचे हिमोग्लोबिन निराळ्या गतीने सरकते हे दाखवले. वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकार एकत्र सापडले. पुढे इनग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये ते प्रथिन तुकड्यांत मोडून दाखवले की १४६ अमिनो आम्लांच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले आहे. हा फरक एकाच आम्लाचा आहे, आणि तो सापडला नळीत, कागदावर, मेलेल्या प्रथिनात.

दुसरे म्हणजे प्रयोगपात्रात जिवंत ऊतक ठेवण्याची शिस्त पाळली तर शरीराबद्दल फार खोल गोष्टी कळतात. क्रेब्स आणि हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये उंदराच्या यकृताचे अर्ध्या मिलिमीटरहून पातळ काप वापरले. काप त्याहून जाड असेल तर प्राणवायू मध्यापर्यंत पोहोचत नाही आणि आतल्या पेशी गुदमरतात. त्या कापांत ऑर्निथिन हे अमिनो आम्ल थोडेसे घातले की त्याच्या कितीतरी पट युरिया तयार होतो, हे पाहून त्यांना युरिया बनण्याचे चक्र सुचले. आज आपण ते चक्र पाठ करतो.

म्हणून मला वाटते की दोष नळीचा नसून तिच्यावरून एकदम रुग्णापर्यंत मारलेल्या उडीचा आहे. याबद्दल आपले मत काय?

रक्तबिंदू

पेशीवाचक, तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, आणि ते माझ्याआधी तुम्ही मांडलेत याचा आनंद आहे. क्रेब्स यांनी कापाला जो प्रश्न विचारला तो कापाला झेपणारा होता.

ही उडी मोठमोठ्या संस्थांनाही चुकते, याचे अगदी ताजे उदाहरण व्हॉक्सेलोटॉर या सिकलसेलवरच्या औषधाचे आहे. सर म्हणाले त्या सायनेटचीच कल्पना, पण अधिक नेमकी: हिमोग्लोबिनला प्राणवायू घट्ट धरायला लावायचे, म्हणजे धागे जुळणार नाहीत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २७४ रुग्ण होते; मोठी मात्रा घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के रुग्णांचे हिमोग्लोबिन एक ग्रॅमहून अधिक वाढले, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. या आकड्यावर त्याच वर्षी अमेरिकेत जलद मान्यता मिळाली. सप्टेंबर २०२४ मध्ये फायझर कंपनीने ते औषध जगभरातून मागे घेतले, कारण पुढच्या माहितीत दुखण्याचे झटके आणि मृत्यू यांचे पारडे औषधाच्या विरुद्ध झुकलेले दिसले. माझ्या मते इथे लक्षात ठेवण्याजोगी बाब ही की मोजलेली गोष्ट हिमोग्लोबिन होती आणि रुग्णाला हवी असलेली गोष्ट होती वेदनेतून सुटका आणि आयुष्य. हिमोग्लोबिन वाढले, पण वाढलेले हिमोग्लोबिन ऊतकाला प्राणवायू किती सोडते हा प्रश्न बाकी राहतोच.

हायड्रॉक्सियुरियाची वाट याच्या उलट आहे. तिची सुरुवात नळीत झाली नाही. बाळांना त्रास कमी होतो, ज्या प्रौढांत एचबीएफ जास्त असते त्यांनाही कमी होतो, ही निरीक्षणे आधी होती. मग १९८० च्या दशकात माकडांत आणि रुग्णांत या औषधाने एचबीएफ वाढते हे दिसले. आणि १९९५ मध्ये २९९ प्रौढ रुग्णांच्या चाचणीत दुखण्याचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले. तिथे झटकेच मोजले होते. आपल्याकडच्या रुग्णांत बहुधा अरब-भारतीय प्रकारची जनुकीय पार्श्वभूमी असते आणि एचबीएफ मुळातच जास्त असते. मग मोठी मात्रा लागते का, हा प्रश्न आपल्या नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातच विचारला गेला. तीव्र त्रास असलेल्या ६० मुलांच्या चाचणीत दर किलो वजनाला रोज १० मिलिग्रॅम या कमी मात्रेचा उपयोग दिसला आणि तो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तुमसरच्या ताई, तुमच्या नातेवाइकांना हे सांगा: ही गोळी इथल्या मुलांत, इथल्या वॉर्डात पारखलेली आहे. तिच्यासाठी रक्तपेशींची मोजणी वेळच्या वेळी करावी लागते, कारण ती पांढऱ्या पेशी कमी करू शकते.

बर्फपेटी

मी प्रयोगशाळांसाठी नमुने वाहून आणण्याचे काम करतो. एवढ्या अभ्यासू मंडळींत लिहावे की नाही असा विचार केला, पण नळीतले रक्त जिवंत असते हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मे महिन्यातली गोष्ट. एका संकलन केंद्रातून सकाळी घेतलेले नमुने दुपारी साडेतीनला माझ्या हाती आले. पेटीतले थंडावा देणारे पुडके केव्हाच कोमट झाले होते आणि नळ्या हाताला गरम लागत होत्या. त्यातल्या एका आजोबांची साखर ५२ आली आणि पोटॅशियम ३.३. प्रयोगशाळेतल्या बाईंनी घाबरून घरी फोन लावला, तर आजोबा जेवून पेपर वाचत बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रक्त घेऊन अर्ध्या तासात पोहोचवले, तेव्हा साखर १०४ आणि पोटॅशियम ४.२. त्या दिवशी बाईंनी मला समजावले की नळीतल्या पेशी साखर खात राहतात आणि उष्णतेत जास्तच खातात, पोटॅशियमही आत ओढून घेतात. उलट अख्खे रक्त फ्रीजमध्ये ठेवले तर पोटॅशियम बाहेर झिरपून खोटे वाढते. तेव्हापासून मी नळीवर रक्त काढल्याची वेळ लिहिलेली नसेल तर नमुना घेत नाही.

जुना औषधशास्त्रज्ञ

बर्फपेटी, आपण अवश्य लिहावे. नेहमीच्या तापमानातही न वेगळ्या केलेल्या रक्तातली साखर ताशी पाच ते सात टक्क्यांनी घटते, आणि आपल्या मे महिन्यात त्याहून वेगाने. साखर तपासण्याच्या करड्या बुचाच्या नळीतले फ्लोराइड साखर मोडणाऱ्या एनोलेज या विकराला अडवते, पण साखर मोडण्याच्या त्याच्या आधीच्या पायऱ्या तास-दोन तास चालूच राहतात. म्हणजे करडे बूच आहे म्हणून निर्धास्त राहण्याचे कारण नाही. शरीराबाहेर पडलेले ऊतक शरीराशी नाते तोडून स्वतःचा संसार चालवत राहते, हे या नमुन्याने जितके स्पष्ट दाखवले तितके माझ्या कित्येक व्याख्यानांनी दाखवले नसेल.

पेशीवाचक

एक भर घालतो. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेल्या कॅसजेव्ही या उपचारात रुग्णाच्याच रक्तपेशी निर्माण करणाऱ्या मूळपेशी बाहेर काढतात, प्रयोगशाळेत त्यांच्यातील बीसीएल११ए या जनुकाचे रक्तपेशींतले नियंत्रण कापतात आणि त्या परत रुग्णाला देतात. हे जनुक एचबीएफला दाबून ठेवते. ते सैल पडले की एचबीएफ वाढते. म्हणजे १९४८ च्या निरीक्षणाचा धागा इथपर्यंत आला. मात्र त्याआधी तीव्र केमोथेरपी घ्यावी लागते आणि खर्च आपल्या आवाक्याबाहेरचा आहे, त्यामुळे आपल्या जिल्ह्यांत आज उपयोगाची आहे ती वेळेवर तपासणी आणि नियमित गोळी.

तुमसरची आई

आपण सर्वांनी इतके लिहिलेत, त्याबद्दल आभार. काल ते गृहस्थ पुन्हा आले होते. मी त्यांना तीनच गोष्टी विचारल्या: मिठाच्या पाण्याची काचपट्टी कुठे आहे, चूर्ण किती मुलांना दिले, आणि त्या मुलांचे दुखणे किती वेळा उठले हे कुणी लिहून ठेवले आहे का. त्यांनी चित्रफीत पुन्हा लावून दाखवली. मी पुडी परत केली. मुलाची पेशींची मोजणी पुढच्या मंगळवारी आहे.

आणखी एक विचारते. माझ्या धाकट्या बहिणीला सातवा महिना आहे. ती एएस आहे, जावयांची तपासणी झालेली नाही. बाळाची तपासणी केव्हा आणि कोणती करायची?

रक्तबिंदू

ताई, आधी जावयांची एचपीएलसी याच आठवड्यात करून घ्या, बाळंतपणाची वाट पाहू नका. त्यांना काही दिवसांपूर्वी रक्त चढवले असेल तर तसे सांगा. त्यांचा पॅटर्न साधा, म्हणजे एए आला तर बाळ फार तर वाहक असेल. तेही एएस निघाले तर प्रत्येक बाळाला एसएस असण्याची शक्यता चारात एक असते, आणि मग जन्मल्यावर बाळाच्या टाचेतून किंवा नाळेतून घेतलेल्या रक्ताची एचपीएलसी करता येते. ती थोडेसे एस हिमोग्लोबिनही वेगळे दाखवते. रेघांच्या कागदाची गढूळ होणारी तपासणी मात्र बाळाला करू देऊ नका. नळी जांभळ्या बुचाची असेल, आणि तिच्यावर रक्त काढल्याची वेळ लिहिली आहे ना हे स्वतः पाहा.